दुसरा आजार कोणाचा

बायकोला तिसरा महिना होता. रक्त तपासायला दिल्यानंतर चार दिवसांनी आशाताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "दोघंही जा दवाखान्यात. एकट्या बाईले धाडू नका."

रिसोडच्या सरकारी दवाखान्यात समुपदेशक मॅडमनी खोलीचं दार लोटून घेतलं. बायकोला एक सोडून दोन आजार निघाले होते. रक्तात गरमी, म्हणजे सिफिलिस. आणि अंगावरून पिवळट जात होतं तो परमा, म्हणजे गनोरिया. दोन्ही संबंधातून लागणारे.

परमा म्हटल्याबरोबर माझी मान खाली गेली. तो मीच आणला होता. आदल्या उन्हाळ्यात सोलर पंप बसवायच्या कामावर जालन्याकडे दीड महिना लॉजवर होतो. सोबतच्या फिटरच्या नादाने एका बाईकडे गेलो. एकदा नाही, तीनदा. घरी आल्यावर आठवड्याच्या आत लघवीला आग सुरू झाली, पू यायला लागला. मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्ल्या, आग थांबली, आणि मी समजलो, मिटलं. बायकोला चकार शब्द सांगितला नाही.

पण गरमी? ती तर मला झालीच नव्हती. खुर्चीवर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरायला लागली. एक आजार माझा. मग दुसरा कोणाचा?

मॅडम म्हणाल्या, "तुमचंही रक्त द्या आजच." मी कामाचं निमित्त सांगून उठलो. बायकोला पहिलं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या. गाडीवर मागे बसून ती हळूच म्हणाली, "तुमी कुटी गेले होते काय?"

"मले काय इचारून राह्यली? तुहं तू सांग."

ती पुढे काही बोलली नाही. मला तेच कबुलीसारखं वाटलं.

बायको घरी साड्यांना फॉल-पिको करते. बाजारातल्या कापड दुकानातला एक माणूस दर दोन दिवसांनी साड्या आणून द्यायचा, झालेल्या घेऊन जायचा. माझ्याहून उजळ, शर्टाला कडक इस्त्री. आजवर मी त्याच्याकडे धड पाहिलंही नव्हतं. आता कामावर जायचं सोडून समोरच्या पानठेल्यावर उभा राहू लागलो. तो किती वेळ दारात थांबतो, साडी हातात देताना बोट लागतं का, हे पाहत. एकदा तो काहीतरी बोलला आणि ती तोंडाला पदर लावून हसली. माझ्यासोबत ती अशी शेवटची कधी हसली होती, ते आठवत बसलो. आठवेना.

ती आंघोळीला गेली की तिचा मोबाइल पाहायचो. त्यात साड्यांच्या रंगांचे फोटो, दुसरं काही नाही. तरी मला वाटायचं, पुसलं असेल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिने मोजले. मी घरी कधी होतो, बाहेर कधी होतो. स्वतःच्याच लेकराचा हिशेब लावत होतो, हे लिहितानाही लाज वाटते.

आठव्या दिवशी तो गठ्ठा घेऊन आला तेव्हा मी घरातच होतो. त्याच्या हातून गठ्ठा ओढला आणि अंगणात फेकला. साड्या मातीत पसरल्या.

"काय झालं भाऊ?" तो म्हणाला.

"इथं पाय ठेवू नको पुन्हा." मग बायकोकडे वळून मी ते विचारलं. "हे पोट कोणाचं हाय?"

तो माणूस खाली मान घालून निघून गेला. बायको रडली नाही. तिने एकेक साडी उचलली, झटकली, खाटेवर ठेवली. मग चपला घातल्या.

"चला दवाखान्यात. आत्ताच. तुमचं रगत द्या, मंग बोला काय बोलाचं ते."

माझ्या रक्तातही गरमी निघाली. मॅडमनी बायकोला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "मागे कधी तिथं फोड, जखम झाली होती का? न दुखणारी?"

झाली होती. परम्याची आग थांबल्यावर पंधरा-वीस दिवसांनी एक बारीक जखम आली होती. दुखत नव्हती, खाजत नव्हती, आपोआप गेली. मी तिला मोजलंच नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "दोन्ही आजार एकाच माणसाकडून, एकाच वेळी लागू शकतात. एक लवकर दिसतो, दुसरा दमानं. तुमच्या गोळ्यांनी आग थांबली, गरमी आत राहिली."

बाहेर बाकावर बायकोला सगळं सांगितलं. ती ऐकत होती, नजर समोरच्या भिंतीवर.

"आजाराचं पाहून घेतलं असतं," ती म्हणाली. "माणसाच्या हातून होते. पण पाप तुमी केलं अन् आठ दिवस पहारा माह्यावर ठेवला."

दोघांनी तीन आठवडे इंजेक्शनं घेतली. एचआयव्ही दोघांनाही नव्हता, तीन महिन्यांनी पुन्हा तपासलं तरी नव्हता. शेवटच्या इंजेक्शननंतर ती मेडशीला माहेरी गेली. मी दुकानात जाऊन त्या माणसाची माफी मागितली. तो कापडाची घडी घालत "ठीक आहे" म्हणाला, पण घरी पुन्हा कधी आला नाही. पोरगी झाली तेव्हा तिचंही रक्त तपासलं. डॉक्टरांनी ती चांगली आहे म्हणून सांगितलं तेव्हा मी दवाखान्याच्या नळाखाली तोंड धरलं.

पोरगी पाच महिन्यांची झाल्यावर बायको परत आली. आता मी बाहेरगावी कामाला गेलो की संध्याकाळी तिचा व्हिडिओ कॉल येतो. जेवलात काय, हे ती नंतर विचारते.

"खोली दाखवा."

मी फोन फिरवून चारही भिंती दाखवतो.

"मोरीचं दार उघडा."

मी तेही उघडतो.