खोकला बाळाला, औषध मला

पुणतांब्याला माझ्या माहेरी औषध आजारी माणसालाच द्यायचं, असा काही नियम नाही.

पहिल्या बाळंतपणाला गेले होते. बाळ दोन महिन्यांचं. सकाळची मालीश, शेक, ओव्याची धुरी असं सगळं साग्रसंगीत उरकलं आणि बाळ खोकलं. एकदाच! पण आईने हातातलं टोपडं खाली टाकलं.

"खोकला झालाय लेकराला!"

"मग दवाखान्यात नेऊ."

"एवढ्याशा जिवाला कुठं औषध पाजती? तू पी. दुधातनं त्याला उतरतंय. तुला बी आसंच वाढवलंय!"

(माझ्याकडे बघूनही तिला या पद्धतीची शंका आली नाही, हे विशेष.)

माझ्या वडिलांची, अण्णांची, खोकल्याची बाटली फडताळात होतीच. आईने वरणाच्या चमच्याने माप घेतलं. गोड होतं. मी चमचा चाटूनही घेतला!

मग पंखा हळू फिरू लागला. खाटेखालून गोदावरी वाहायला लागली. पेरूच्या बागेतला वारा आत येऊन माझ्या उशाशी बसला. बाहेर गाय हंबरली, तेही अंगाईच्या सुरात. इतकं छान वाटत होतं की बाळंतपण दरवर्षी असावं, असंही मनात आलं. (डोकं ठिकाणावर नव्हतं, याचा हा पुरावा!)

तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. तो नागापूरच्या कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत. आईने कौतुकाने आपला इलाज सांगितला.

"बाटलीवर काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

अण्णांनी चष्मा लावला. "झोप येती म्हनं. गाडी चालवू नका."

"ती कुठं गाडी चालवती?" आई म्हणाली.

"अहो, पण दूध! बाळ काय करतंय?"

बाळ झोपलं होतं.

आईने हाका मारल्या. अण्णांनी ताट बडवलं. बाळ ढिम्म! माझ्याच दुधाने माझ्या लेकराला काही झालं तर? हुंदका आला, पण अर्ध्यावर त्याची जांभई झाली.

अण्णांनी कांद्याचा टेम्पो काढला. रस्त्यातले सगळे खड्डे झाले, तरी बाळ जागं होईना. आई देवाला नवस बोलत होती आणि मी तिच्या खांद्यावरून पुन्हा पुन्हा घसरत होते.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाळाच्या तळपायाला टिचकी मारली. त्याने असा टाहो फोडला की बाहेरचे पेशंट उठून उभे राहिले! मी आनंदाने रडले.

"औषध घेतल्यावर पाजलं कधी?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाजलंय कुठं?" आई म्हणाली. "ही पिऊन जी आडवी झाली!"

"मग त्याच्या पोटात काही गेलंच नाही. शेकल्यावर लेकरं अशीच झोपतात. धुरी दिली होती?"

"दिली की! घर भरून!"

"मग खोकेल नाही तर काय? धुरी बंद करा. आणि झोप आणणारं औषध अंगावर पाजणाऱ्या बाईने मनाने घ्यायचं नाही. दुधातून बाळाला गुंगी येते, श्वासाला त्रास होऊ शकतो. आधी विचारा. आता पाजायचं कधी ते मी सांगेन, तोवर बाळ जागत्या माणसापाशी ठेवा."

"व्हय, व्हय," आई म्हणाली.

हा सल्ला आज मी प्रत्येक बाळंतिणीला ठणकावून देते. मला तो आईनेच नंतर सांगितला. कारण डॉक्टर बोलत होते तेव्हा बाळ टक्क जागं होतं आणि मी तपासायच्या टेबलावर, त्याचंच दुपटं पांघरून, घोरत होते!