मेक्सिकोची पाहुणी किकवीत

भोरला बाजारपेठेच्या तोंडाशी माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. धरलेले गुडघे, आखडलेले खांदे, गाडीवरून पडून मोडलेली मनगटं, असे पेशंट माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी पुण्यात महिलांच्या टेनिसची स्पर्धा भरली, की तिथलं कामही मला मिळायचं. खेळाडूंना पट्ट्या बांधायच्या, पोटऱ्या मोकळ्या करायच्या. तिथेच ती मला भेटली.

ती मेक्सिकोची. पहिल्या दिवशी टेबलावर पालथी पडली आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाली, “उजवा खांदा. बाकी काही विचारू नका.” मी विचारलं नाही. ऑपरेशनचा व्रण समोर दिसतच होता.

दुसऱ्या दिवशी तिनंच सांगायला सुरुवात केली. शाळेत असतानाच ती देशाची विजेती झाली होती. गावानं उघड्या गाडीतून तिची मिरवणूक काढली होती. पुढे देशाच्या संघात निवड झाली, मोठमोठ्या स्पर्धा झाल्या आणि नेमका तेव्हाच खांदा गेला. ऑपरेशननंतर ती पुन्हा उभी राहीपर्यंत तिचा प्रशिक्षक दुसऱ्या खेळाडूला घेऊन स्पर्धांना फिरायला लागला होता. क्रमवारीत ती पार खाली गेली होती. आता अशा लहानसहान स्पर्धा खेळत वर चढायचं, तेही एकटीनं. विमानतळ, हॉटेल, कोर्ट, पुन्हा विमानतळ.

“जेवायला बसले की समोरच्या खुर्चीवर रॅकेटची बॅग ठेवते,” ती म्हणाली. “म्हणजे वेटर ती खुर्ची उचलून नेत नाही.”

पहिल्याच फेरीत ती हरली. सामना लांबला होता, पण बघायला मोजकीच माणसं होती आणि त्यांतली निम्मी पुढच्या सामन्यासाठी येऊन बसलेली. हात मिळवून ती खुर्चीवर बसली, डोक्यावर टॉवेल घेतला आणि पुढच्या खेळाडू येऊन उभ्या राहिल्या तरी हलेना. शेवटी पंचांनी खाली उतरून तिला काहीतरी सांगितलं.

संध्याकाळी मी सामान आवरत होते तेव्हा ती आली.

“तू आता कुठे जाणार?”

“घरी.”

“घरी कोण असतं?”

“आई.”

 ती नुसतीच दारात उभी राहिली. तिच्या विमानाला अजून अवकाश होता. मीच म्हणाले, “येतेस?”

आम्ही स्वारगेटवरून एस.टी.नं निघालो. कापूरहोळपर्यंत उभ्यानं आलो, तिथं पुष्कळजण उतरले तेव्हा बसायला मिळालं. आमच्या गावी, किकवीत उतरलो तोवर आई विहारातून येऊन ओट्यावर बसली होती.

“ही कोण गं?”

“मेक्सिकोची आहे. टेनिस खेळते. मोठी खेळाडू आहे.”

“आन् संगं कोण हाय हिच्या?”

“कुणी नाही.”

“म्हंजी? येवढ्या लांबनं येकलीच आलीया?” आईनं तिच्याकडे नीट पाहिलं. “हरली का काय?”

“हो.”

“मग तिला इचार, हरल्यावर कुनापाशी रडती?”

मी ते इंग्रजीत सांगायला कचरत होते, पण आई उत्तराची वाट बघत बसली, म्हणून सांगितलं. ती म्हणाली, “आईला फोन करते. पण इकडे दिवस असतो तेव्हा आईकडे रात्र असते. ती उठेपर्यंत मी थांबते. तोवर रडू निघून जातं.”

मी आईला मराठीत सांगितलं. आई उठली, तेलाची वाटी आणि फणी घेऊन आली आणि तिला म्हणाली, “बस हितं.” शब्द कळले नाहीत तरी ती बसली. आईनं तिचे घट्ट बांधलेले केस सोडले, तेल लावलं, सावकाश विंचरायला लागली. तिचे खांदे हलताना मला मागून दिसत होते. आईनं तिला गप्प केलं नाही. फणी चालू ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागच्या भिंतीवर चेंडू मारायला लागली. मी जवळच दगडावर बसले होते. ती बराच वेळ मारत राहिली. मग खांदा धरून माझ्याशेजारी येऊन बसली.

“पुण्यानंतर सोडून द्यायचं ठरवून आले होते,” ती म्हणाली. “घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही.”

“मग?”

“अजून एक वर्ष खेळते.”

असं का ठरवलंस, हे मी विचारलं नाही. निघताना आईनं तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि म्हणाली, “जिंकलीस की कळव गं पोरी. वाट बघीन म्या.” मी ते सांगितल्यावर ती हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्यानंतर कधीमधी तिचा मेसेज यायचा. बर्फ पडलेलं कोर्ट, पाऊस पडत असलेलं कोर्ट. हरले, हरले, एक जिंकले, पुन्हा हरले. आई विचारायची, “काय म्हनती तुजी मेक्सिकोवाली?” मग आईचं आजारपण सुरू झालं, दवाखाने झाले आणि त्या उन्हाळ्यात आई गेली. तिला कळवायचं राहून गेलं. कळवायला बसले की वाटायचं, तिचा उद्या सामना असेल.

ठरवलेलं वर्ष संपत आलं तेव्हा तिच्याच देशातल्या एका स्पर्धेत ती अंतिम फेरीत पोचली. तिच्याकडे संध्याकाळ, माझ्याकडे सकाळ. मोबाईल खिडकीला टेकवून मी सामना लावला. टेबलावर एक म्हातारे बाबा गुडघ्याला शेक घेत पडले होते. ती खांदा जपत, कमी ताकदीची पण नेमक्या जागी सर्व्हिस करत होती. शेवटचा चेंडू समोरचीनं जाळ्यात मारला. ती धावत प्रेक्षकांत चढली आणि एका ठेंगण्या बाईच्या गळ्यात पडली. ती तिची आई असणार.

“कोन जिकलं?” बाबांनी विचारलं.

“माझ्या ओळखीची आहे.”

“आपल्या भोरची?”

“नाही. लांबची.”

“बरं झालं,” ते म्हणाले आणि गुडघ्याकडे बघायला लागले.

दुपारी तिचा मेसेज आला. ‘आईला सांग, मी जिंकले.’

त्या दिवशी मी पुढच्या पेशंटना परत पाठवलं. एस.टी.नं घरी आले, कुलूप काढलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं म्हणाले, “ती जिंकली गं.” आवाज फार मोठा वाटला. मग बाहेर ओट्यावर येऊन तिला सगळं लिहिलं.

लगेच फोन आला. ती “हॅलो” म्हणाली, मीही म्हणाले आणि पुढे दोघींनाही इंग्रजी सुचेना. ती तिच्या भाषेत काहीतरी हळूहळू बोलत राहिली. मला एक शब्द कळत नव्हता. मी “हं, हं” करत ऐकत राहिले.

तो हंगाम संपला आणि तिनं खेळणं सोडलं. आता ती तिच्या गावात लहान मुलींना शिकवते. मी पुण्याची कामं घेत नाही, रोज किकवी ते भोर जाऊन येते. ती मला तिकडे बोलावते. मी अजून पासपोर्ट काढलेला नाही.