राखणदाराची हद्द

कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, तरी आम्ही दोघं नाशिकहून एसटीनेच वेंगुर्ल्याला गेलो. बंदराजवळ ज्या बाईंकडे उतरलो, त्यांनी आमच्या बॅगा आत घेण्याआधी अंगणातल्या दगडापाशी विडा ठेवला आणि हात जोडले. "पावणे नाशकासून इलेत. त्यांका सांभाळ."

तो दगड म्हणजे गावाचा राखणदार देव. रात्री काठी आपटत गस्त घालतो, असं तिथे सगळेच सांगत. इंदिरानगरच्या आमच्या फ्लॅटला लोखंडी जाळीचं दार आहे, त्यामुळे मला जरा हसूच आलं.

संध्याकाळी चहा घेताना कळलं, बाईंचे यजमान होडी घेऊन गेले ते परत आलेच नाहीत. मला राहवलं नाही. म्हटलं, "तेव्हा तुमचा राखणदार कुठे होता?"

बाई पदराला हात पुसत राहिल्या. आवाजात राग नव्हता.

"तेची हद्द धक्क्यापर्यंतच. तोय माझ्यासारखो थंयच उभो रवलो."

निघताना त्यांनी पुन्हा विडा ठेवला आणि आम्हाला वेशीपर्यंत सोडून यायला त्याला सांगितलं.

वेशीवर एसटी वळली, तेव्हा मी खिडकीतून मागे पाहिलं. रस्त्यावर कोणी नव्हतं. मी हात हलवला.