पुढच्या सीटवरचं उत्तर

सेनगावहून मी शिकवते त्या शाळेच्या गावाला रोज जीपने जाते. जीपवाल्याची मुलगी माझ्याच वर्गात, पाचवीत. तो मला पुढची सीट राखून ठेवतो आणि अख्ख्या जीपला ऐकू जाईल अशा आवाजात मुलीची चौकशी करतो. एरवी मी "ठीक आहे" म्हणून वेळ मारून नेते.

"मॅडम, आमचं लेकरू कसं करून राहिलं?"

"तिला वाचता येत नाही," त्या दिवशी मी म्हटलं. "शाळेत या, निवांत बोलू."

"न्हाई कसं? रोज धडा घडाघडा म्हणती की."

"पाठ आहे तिला. मधल्याच एखाद्या शब्दावर बोट ठेवलं की गप्प होते. वेगळं बसवून शिकवावं लागेल. मी शिकवीन."

मागून एक म्हातारी म्हणाली, "बापाची गाडी फास्ट अन् लेक पॅसेंजर, व्हय रे?"

सगळी जीप हसली. तो हसला नाही.

"म्हंजी पोरगी मला फसवून राहिली," एवढंच म्हणाला आणि त्याने गाडी दामटली.

खड्डे चुकवणं त्याने सोडून दिलं. वळणावर समोरून कापसाचा टेम्पो आला, तरी हॉर्न दिला नाही. मागचं हसणं थांबलं.

"हळू घ्या दादा."

"तुमी बोलू नका, मॅडम."

मी समोरचा दांडा घट्ट धरून बसले. डोक्यात टेम्पो नव्हता. या वेळी त्याची मुलगी परिपाठाला मैदानात उभी असणार, हे होतं.

मला उतरवून तो रोज पुढे गावात जातो. त्या दिवशी त्याने इंजिन बंद केलं आणि माझ्या आधी फाटकातून आत गेला. मी पर्स फाटकातच टाकून त्याच्या मागे पळाले.

प्रतिज्ञा चालू होती. मुलीने बापाला पाहिलं. तो अजून बराच लांब होता, तरी तिचा पुढे धरलेला हात खाली आला आणि दोन्ही हात डोक्यावर गेले. तोंडाने प्रतिज्ञा चालूच होती. पाठच होती ना.

सगळ्या शाळेने ते पाहिलं. त्यानेही. तो जागीच थांबला.

"डबा आणला का गं?" त्याने विचारलं, आणि उत्तर न ऐकताच परत फिरला.

दुपारी मी तिला सांगितलं, पप्पा काही करणार नाहीत. ते मलाच खरं वाटत नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "पप्पा दिवेलागणीला येतात. तवर तुमी आमच्या घरी थांबता का?"

शाळा सुटल्यावर मी घरी फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि तिच्यासोबत गेले. तिच्या आईने चहा टाकला. कशाला आलात, हे तिने विचारलं नाही.

बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला. मी माझी खुर्ची उचलली आणि मुलीच्या पुढे, दाराकडे तोंड करून ठेवली.