सतरा पंचे ऐंशी

इथे मिशिगनात, नोव्हायमध्ये कोणाच्याही मराठी घरी जेवायला जा, भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे कोणाची तरी नजर जाते आणि पद्मजावहिनींचा विषय निघतो. गेली वीसेक वर्षं निघतोय. याचं श्रेय त्यांच्या नवऱ्याला, विष्णूला.

विष्णू दिवसा मोटारींच्या सीट्स डिझाइन करायचा आणि संध्याकाळी बेसमेंटमध्ये बसून कादंबरी लिहायचा. मराठीत लिहिली, पुण्यात छापून घेतली आणि इथल्या एकेका मराठी घरी स्वतः नेऊन दिली. वाचली नाही म्हणायची सोय नव्हती, पुढच्या आठवड्यात फोन करून विचारायचा. कादंबरीत एक म्हातारे शाळामास्तर मुलाकडे मिशिगनला येतात. मुलगा हळवा. सून अशी, की ऐन जानेवारीत थर्मोस्टॅटवर प्लास्टिकची पेटी बसवते, तिला कुलूप लावते आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवते. सासरा कुडकुडून मरतो.

नावं बदललेली होती. पण विष्णूचे वडील राजाराम मास्तर त्याच्याच घरी वारले होते, आणि ती कुलपाची पेटी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. मंगळसूत्र ही विष्णूची भर. झालं, तेव्हापासून बाई 'कुलूपवाल्या वहिनी'. विष्णूला कोणी टोकलं की म्हणायचा, पात्रं काल्पनिक आहेत रे, आणि मिशीत हसायचा. वहिनी पुरणपोळ्या घेऊन आल्या की आमची रुपाली, म्हणजे माझी बायको, जिभेला हाड नाही तिच्या, हमखास विचारायची, "गरम आहेत ना हो, की कुलपात होत्या?" वहिनी निमूटपणे डबा उघडायच्या.

विष्णू आता नाही, पण जाण्यापूर्वी त्याने एक काम करून घेतलं. तो कादंबरी वाचून दाखवायचा आणि मुलगी सई इंग्रजीत उतरवायची. सई इथलीच. आजोबा गेले तेव्हा ती धड बोलतही नव्हती, त्यामुळे तिचे आजोबा म्हणजे पुस्तकातले आजोबा. आईशी तिचं भांडण असं काही नाही. फक्त माहेरी आली आणि थंडी वाजली की थर्मोस्टॅटला हात लावण्याआधी विचारते, "मे आय?" आईच्या घरात.

सईची कॉलेजातली मैत्रीण मारिसोल सिनेमे करते. तिने ते इंग्रजी वाचलं आणि ठरवलं, ही गोष्ट आपल्या वस्तीत न्यायची. डेट्रॉइटच्या नैऋत्येला मेक्सिकन लोकांची जुनी वस्ती आहे, तिथली ती. आमच्याकडे असे आजोबा घरोघर आहेत, म्हणाली. मग ती एकटीच पद्मजावहिनींना भेटायला आली. योगायोग बघा, त्याच दुपारी मीही तिथे होतो. वहिनींचा स्टीलचा डबा आमच्याकडे कधीचा पडून होता, आणि सिनेमावाली येणार हे कळताच तो परत करणं फारच तातडीचं झालं.

त्या दिवशी वहिनी बोलल्या. मास्तरांना काही आठवेनासं झालं होतं. बिल येईल म्हणून भर बर्फात हीटिंग बंद करून ठेवायचे. एकदा पाइप फुटून स्वयंपाकघरात तळं झालं, तेव्हा ती पेटी आली. अंघोळीचं तर विचारूच नका. अंगाला हात लावला की ओरबाडायचे. विष्णू बेसमेंटमध्ये दार लावून लिहीत असायचा. मग वहिनींनीच युक्ती काढली. हातात साबण घेऊन सतराचा पाढा सुरू करायच्या आणि मुद्दाम चुकायच्या, "सतरा पंचे ऐंशी." मास्तर खवळायचे. "पंच्याऐंशी! ढ कुठली!" म्हणून हात उगारायचे, की वहिनी बगलेत साबण लावून मोकळ्या. दुसऱ्या बगलेसाठी सतरा साते.

सांगताना त्या हसत होत्या. मारिसोलचे डोळे भरले होते. माझ्या हातातला चिवडा हातातच राहिला. ती गेल्यावर मी विचारलं, इतकी वर्षं गप्प का बसलात?

"छापलेल्यापुढे माझं कोण ऐकणार, भाऊजी? आता पडद्यावर येईल. सईला दिसेल. बाकीच्यांचं मला काही नाही."

सिनेमा लागला तेव्हा अख्खं मराठी मंडळ डेट्रॉइटला लोटलं. वहिनींच्या एका बाजूला सई, दुसऱ्या बाजूला मी. पुढच्या रांगेत रुपाली, पॉपकॉर्नसकट.

सिनेमात सून नव्हतीच. भिंतीवर तिचा फोटो होता, खाली मेणबत्ती. गोष्ट सुरू होण्याआधीच मेलेली. थंडीचं खापर घरमालकावर फोडलं होतं. मास्तरांचे झाले होते लोतेरिया पुकारणारे आजोबा. लोतेरिया म्हणजे त्यांची चित्रांची हाऊजी, एकाने पत्ता उचलून मोठ्याने नाव पुकारायचं. आणि मग अंघोळीचा प्रसंग आला. टबात म्हातारा, शेजारी गुडघ्यांवर बसलेला मुलगा. मुलगा पत्ता दाखवतो कोंबड्याचा आणि म्हणतो चंद्र. म्हातारा खवळतो, हात उगारतो. मुलगा हळूच बगलेत साबण लावतो.

थिएटरभर नाकं ओढल्याचे आवाज. वहिनी सरळ समोर पाहत होत्या.

बाहेर मारिसोलने त्यांना मिठी मारली. मुळात ही बापलेकाची गोष्ट आहे, म्हणाली. सून आली की लोक तिच्यावरच चिडत बसतात. "म्हणून मी तुम्हाला वाचवलं." तिला खरंच तसं वाटत होतं.

मग सई आली. काजळ गालांवर उतरलं होतं. "आई, आय नेव्हर न्यू. बाबा आजोबांना अशी अंघोळ घालायचे?"

"मी घालायचे," वहिनी म्हणाल्या. "तो पाढा माझा. मी मुद्दाम चुकायचे."

सईने डोळे पुसले. "आई, प्लीज. आज नको. आज तरी बाबांना त्यांचं काहीतरी राहू दे."

आता मला राहवेना. म्हटलं, "सई, खरं आहे गं. मी स्वतः ऐकलंय, मारिसोलला सांगत होती तुझी आई."

सईने माझ्या खांद्यावर हात ठेवला, लहान मुलाच्या ठेवतात तसा. "काका, यू अँड युअर स्टोरीज." आणि मारिसोलबरोबर फोटो काढायला गेली.

जन्मभर नोव्हायमध्ये तिखटमीठ लावून गोष्टी सांगत आलो, आणि पद्मजावहिनींच्या वाट्याला साक्षीदार आला तो मी.

परतताना त्या माझ्याच गाडीत होत्या. रुपाली मागे झोपली होती. काच धुरकटली तरी हीटरला हात लावायचा मला धीर होईना. शेवटी वहिनींनीच बटण फिरवलं.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगत राहा. खोटं म्हणून का होईना, ऐकतील तरी."

म्हणून सांगतोय. सुरुवात घरापासून केली. रुपालीने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, भाजी चिरता चिरता. मग म्हणाली, "पण सिनेमात तर मुलगाच घालतो ना अंघोळ?"