सगळी राख

माझ्या धाकट्या भावानं आईला आणि मला मक्यात फसवलं. आईला जास्त, कारण ती अजून फसलेलीच आहे. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मी दसऱ्यानंतरच्या दिवसांचं आणि भुट्ट्याच्या किसाचं कौतुक करायला लागले, तर माझा राग उतरला असं कुणी समजू नये.

माझं देवासला मिरची-मसाल्याचं दुकान आहे. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा दारात खलबत्ता मांडून लोकांचे मसाले कुटून द्यायला लागले, तिथून इथपर्यंत आले. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाची मिरची वर काढणारी बाई म्हणून मंडीत मला ओळखतात. वरचा माल मला आता कुणी दाखवतच नाही. भाव करताना माझा आवाज चढतो, आणि चढलेला लवकर उतरत नाही. त्याची मला लाज नाही. त्या आवाजावर माझं घर उभं राहिलं.

माहेर धारकडचं. मांडूच्या रस्त्याला आमचं शेत, आणि शेतातच घर. आमचे पूर्वज दरबाराबरोबर इकडे आले, पुढे दरबार गेला आणि आम्ही मातीत राहिलो. आई अजून घरात वन्सं, मामंजी असले शब्द वापरते आणि बांधावर उतरली की मजुरांशी माळवीत बोलते. भाऊ हिंदीत शिकला, हिंदीतच भांडतो. मराठी त्यानं आईशी बोलण्यापुरती ठेवली आहे. भावजय राजगढची. मराठी घरातलीच, पण तिच्या माहेरी मराठी देव्हाऱ्याजवळच उरली होती. आरत्या सगळ्या पाठ, अर्थ विचारला की हसायची.

दरवर्षी दसरा झाला की मी दुकान नवऱ्यावर सोपवून शेतावर जाते. त्या दिवसांत तिथे कुणाला कुणाकडे बघायला वेळ नसतो. सोयाबीन कापून पडलेलं असतं, आणि आभाळात एखादा ढग दिसला तरी भावाचा जीव वरखाली होतो. थ्रेशर सुरू झालं की धुळीनं सगळ्यांच्या पापण्या पांढऱ्या होतात, दोरीवरच्या चादरीसुद्धा अंगाला खाजतात. दुपारी डोकं तापतं आणि संध्याकाळी हौदाच्या पाण्यात हात घालवत नाही. या धावपळीत जेवण ठरलेलं. सकाळी भुट्ट्याचा कीस. दुपारी मक्याच्या पिठाचे पानिये, म्हणजे आकड्याच्या, आपल्या रुईच्या, दोन पानांमध्ये थापून गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेल्या जाड भाकरी, आणि त्यांच्याबरोबर उडदाची डाळ. पान सोलून काढलं की पानाच्या शिरा भाकरीवर उमटलेल्या असतात. लहानपणी आम्ही भावंडं त्यावरून भांडायचो, कुणाच्या पानियावर पान पूर्ण आलंय म्हणून.

हा मका आईचा. घरामागचा तुकडा ती मुद्दाम उशिरा पेरायची, म्हणजे सगळ्यांचे भुट्टे संपले की आमचे दुधात यायचे. पांढरा मका, कणसं लहान, दाणे वेड्यावाकड्या दातांसारखे, मधेच एखादा जांभळा. बाजारात ठेवला असता तर मीसुद्धा हात लावला नसता. पण किसणीवर धरला की घट्ट, चिकट, खरवसासारखा कीस पडायचा. कढईत तूप, मोहरी, हिंग, हिरवी मिरची, त्यावर कीस, आणि मग परतत बसायचं. तो दूध पीत जायचा. आई वाटीनं दूध घालायची आणि म्हणायची, "अजून मागतोय." कढईच्या कडा सोडून त्याचा गोळा व्हायला लागला की उलथन्याच्या टोकावरचा कीस तळहातावर घेऊन ती चाटायची. मग सांगायची, मीठ. किंवा, थांब. किंवा नुसती मान हलवायची. त्या मानेशिवाय आमच्या घरात कुठलीच कढई चुलीवरून उतरली नाही. आजी असताना तिचीही नाही.

सगळ्यात चांगली कणसं खायची नाहीत, हा नियम. त्यांची सालं मागे वळवून वेणी घालायची आणि त्या लडी चुलीवर तारेला टांगायच्या. धुरानं त्या काळपट व्हायच्या आणि मग त्यांना कीड लागायची नाही. पुढच्या वर्षीचं बी ते. दुसरीकडे कुठे ते मिळत नव्हतं.

मागच्या वर्षी मी पोहोचले तेव्हा कीस होऊन गेला होता. मी तो गारच खाल्ला आणि म्हटलं, जरा पातळ झालाय. भाऊ म्हणाला, पाऊस फार झाला. मी मानलं. ढिगात हात घालणारी मी, घरात वरवर बघून मानलं. पण त्याच सकाळी मी यायच्या आधी काय झालं, ते मला यंदा कळलं.

यंदा मी स्वतः कणसं सोलायला बसले. पहिलंच साल ओढलं आणि हात थांबला. दाणे पांढरे होते, पण कसे, तर शाळेत प्रार्थनेला उभ्या केलेल्या पोरांसारखे, एका रांगेत, एका उंचीचे. दुसरं सोललं. तेही तसंच. जांभळा दाणा एकातही नाही.

"हे कुठलं गं?" मी भावजयीला विचारलं.

"मागचंच, वन्सं. मागच्या वावरातलं."

"वावर मागचं आहे ते दिसतंय मला. बी कुठलं?"

ती किसणी धुवायला लागली. धुतलेलीच किसणी. मी वर बघितलं. चुलीवरच्या तारेला एक चहाची गाळणी लटकत होती, बाकी काही नाही.

भाऊ दारात आला होता. "ताई, आल्या आल्या सुरू? आधी चाय तरी पी. ही मंडी नाहीये."

"मंडीत निदान माल समोर असतो. लडी कुठे आहेत?"

"असतील कुठेतरी. चूहे ले गए होंगे."

"उंदीर फार नीटनेटके झालेत तुझ्याकडचे. सालंसुद्धा सांडली नाहीत."

तेवढ्यात भावजयीनं किसणी खाली ठेवली. "उंदरांनी नाही नेल्या, वन्सं. मी जाळल्या."

तिनं सांगितलं ते असं. दोन वर्षांपूर्वी, दसरा होऊन गेल्यावर, आईला ताप आला. बरोबर खोकला. मी त्या वेळी येऊन गेले होते, घरात ही दोघं. आई आतल्या खोलीत पडून होती. तिला वाटलं असणार, आपण उठत नाही, आणि ही पोरं चांगली कणसं भाजून खातील. तिनं सुनेला हाक मारली आणि म्हणाली, "वरची कणसं राख गं. सगळी राख. एकही सोडू नको."

आईच्या मराठीत याचा अर्थ, सांभाळून ठेव. भावजयीला राख म्हणजे राखच माहीत. आणि तिच्या माहेरी खोकल्यावर औषध काय, तर कणीस जाळून त्याची राख मधातून चाटवायची. समोर सासू खोकते आहे आणि म्हणते आहे, कणसं, राख, सगळी राख, एकही सोडू नको. तिनं सगळ्या लडी उतरवल्या, अंगणात जाळल्या, राख वस्त्रगाळ केली आणि बरणीत भरली. मग रोज सकाळ-संध्याकाळ ती मधात कालवून आईला चाटवली. आईनं मुकाट्यानं चाटली. पुढच्या वर्षीचा सगळा मका माझ्या आईनं बोटानं चाटून संपवला.

"आणि खांसी गेली ना पण," भावजय म्हणाली, आणि रडायला लागली.

खरं सांगते, मला आधी हसू आलं. पोट धरून हसावं असंच ते होतं. तिचा राग मला आला नाही, अजून नाही. तिनं सासूचं ऐकलं, तिला ऐकू आलं तसं. राख वस्त्रगाळ करण्याचे कष्टही घेतले तिनं, इतकी ती मनापासून करणारी. मग मी भावाकडे बघितलं. तो हसत नव्हता. त्याला सगळं माहीत होतं.

शेतातून आला तेव्हा रिकामी तार त्यानं बघितली होती. बायकोला बजावलं, ताईला बोलू नकोस, आईलाही नको; तिनं विचारलं तर सांगायचं, लडी उतरवून कोठीत ठेवल्यात. पेरणीच्या वेळी बाजारातून पांढऱ्या मक्याची पिशवी आणली, रंग तेवढा जुळवला, आणि मागच्या तुकड्यात पेरून टाकली.

मग मागच्या वर्षीची ती सकाळ. कढई चुलीवर होती. कीस पाणी सोडत होता, दूध मागत नव्हता. आईनं तळहातावर घेऊन चाटला आणि म्हणाली, "हा आपला नाही."

"आई, पाणी भरलंय दाण्यात. बारिश बघितलीस ना किती झाली."

तिनं परत चाटला. "गोड लागतोय रे."

तेव्हा माझा भाऊ म्हणाला, "तुझ्या दवाईमुळे. तोंडाची चव जाते त्यानं. डॉक्टर बोलले होते मला."

डॉक्टर असं काही बोलले नव्हते. हे त्यानं माझ्यासमोर कबूल केलं.

आईनं हात धुतला. त्या दिवसापासून तिनं कुठलीच कढई चाखली नाही. भावजय उलथनं घेऊन पुढे गेली की ती म्हणते, "तूच बघ बाई. माझ्या जिभेचा आता भरवसा नाही." लोणच्याचं मीठही तिनं विचारलं नाही. यंदा मी बघितलं, ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसते, पण चुलीकडे पाठ करून.

मी भावाला म्हटलं, "दोन वर्षं गप्प बसलास?"

"तुला सांगितलं असतं तर तू घर डोक्यावर घेतलं असतंस."

"घेतलंच असतं. एक दिवस. दुसऱ्या दिवशी बी शोधायला निघाले असते."

"अरे मक्काच आहे ना, ताई. सोनं नाही. इतना क्या."

दुसऱ्या दिवशी मी निघालेच. आई दरवर्षी कापणीला येणाऱ्या एका बाईला मूठभर बी द्यायची. ती मांडूच्या घाटाखाली राहते, झोपडीच्या कडेला पेरायची. तिनं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं, आणि म्हणाली, "पिछली साल आती तो मूठ-दो मूठ निकल आती, बाई. इस साल तो वहाँ भी सोयाबीन डाल दी." तिच्या छपराच्या वाशाला एक रिकामी सालाची वेणी होती. मी ती हातात घेऊन बघितली. आमच्यासारखीच घातलेली. त्यानंतर लोहारद्याच्या बाजारातही विचारून आले. सगळ्यांनी मला प्रार्थनेला उभे राहिलेले दाणे दाखवले.

माझ्या आवाजाची भीती वाटली म्हणून त्यानं आणखी एक वर्ष घालवलं, आणि नेमकं त्याच वर्षात बी संपलं.

परत आले तेव्हा आई अंगणात गुडघे उन्हाला देऊन डाळ निवडत होती. मी शेजारी बसले.

"आई, तुझी जीभ बरोबर होती. मका बदललाय."

"कुणी सांगितलं?"

"मी बघितला ना."

"तुझं काय घेऊन बसलीस? तुला देवाच्या प्रसादातसुद्धा खोट दिसते. धंदाच तुझा तो." तिनं एक खडा उचलून टाकला. "पोरगं सकाळपासून रात्रीपर्यंत शेतात असतं. तो म्हणाला पावसानं झालं, तर पावसानं. त्याला माहीत नसेल?" मग जरा थांबून म्हणाली, "बी राखलंय ना सगळं? मी सांगितलं होतं तिला. मग होईल पुढच्या वर्षी नीट."

भावजय दारात उभी होती, पदरात दोन्ही हात गुंडाळून. मी तिच्याकडे बघितलं आणि आईच्या डाळीत हात घालून खडे शोधायला लागले. मंडीत मला शब्द कमी पडल्याचं कुणी ऐकलं नसेल. मी काहीही सांगितलं तरी आई ती माझी खोट काढायची सवय समजेल, हे तिनं मला तोंडावर सांगितलंच होतं. तिला पटेल ते एकाच माणसाचं, आणि तो खळ्यावर ताडपत्री ओढत होता.

त्याला म्हटलं, तू सांग. तो म्हणाला, दिवाळी होऊ दे.

दिवाळी झाली. भाऊबीजेला तो देवासला आला, येताना पिशवीभर तीच सरळ रांगेची कणसं घेऊन. मी पाट मांडला, ओवाळलं. त्यानं ताटात साडी ठेवली. चांगली होती, भारी होती. मी ती उचलून परत त्याच्या मांडीवर ठेवली.

"काय पाहिजे मग, ताई? बोल ना. भाव करतेस काय?"

"करते. साडी नको. आईला जाऊन सांग."

तो हसला. "अब छोड़ ना. तिला काय फर्क पडतो या वयात? मजेत जेवते, झोपते."

मजेत जेवते. जिनं उभ्या आयुष्यात न चाखता कढई उतरू दिली नाही, ती समोर येईल ते गिळते, आणि याला ती मजेत दिसते.

साडी तो सोफ्यावर विसरल्यासारखी ठेवून गेला. ती मी उघडलेली नाही. माझी ओवाळणी बाकी आहे आणि ती मी सोडणार नाही. भावा, हे आता तुलाच सांगते: बी गेलं, ते तू परत आणू शकत नाहीस, मीही नाही. ते मी बुडीत धरलं. पण आईची जीभ गेलेली नाही. ती तू काढून घेतलीस, आणि ती तुझ्याकडेच आहे. तेव्हा चुलीसमोर तिची खुर्ची वळव, खाली बस आणि सांग तिला की, आई, तू म्हणालीस तेच खरं होतं, तो मका आपला नव्हता, डॉक्टर काही बोलले नव्हते, मी खोटं बोललो. मराठीत सांग, तिला कळेल असं. ती विचारेल, बी राखलं होतं ना? त्याचंही उत्तर तूच द्यायचं. बायकोला पुढे करायचं नाही. कधी सांगतोस, बोल.