पान त्रेसष्टवरचा तारपा

पार्सल फोडलं उज्ज्वलाबाईंनी, आणि पायाखालची जमीन सरकली राहीच्या.

जव्हारच्या एका जुन्या वाचनालयात राही घाटाळ अकरा वर्षं शिपाईण होती. झाडलोट, पाणी, कपाटं आणि कपाटांतली वाळवी, सगळं तिच्याकडे. रोज जामसरहून जीपनं यायची. त्या दिवशी पुण्याहून पुस्तक आलं होतं, नवं म्हणायचं तर नवं आणि जुनं म्हणायचं तर दीडशे वर्षांचं. मूळ पुस्तक वाचनालयाचंच, शिळाप्रेसवर छापलेलं. बारा महिन्यांची शेती आणि महिन्याला एक चित्र. त्याची दुसरी प्रत कुठेच उरली नाही असं कळल्यावर पुण्याच्या एका संपादकांनी त्याची फॅक्सिमिली काढली. फॅक्सिमिली म्हणजे पान जसं आहे तसं छापायचं, डागासकट, फाटक्या कडेसकट. ग्रंथपाल उज्ज्वलाबाईंनी हे मागे सांगितलं तेव्हा राहीला हसू आलं होतं. शहाणी माणसं डाग कशाला छापतील!

"बघ की, हात लाव," बाई म्हणाल्या.

राहीनं पदराला हात पुसले आणि पानं उलटली. त्रेसष्टाव्या पानावर कापणीचं चित्र होतं. खळ्यावर भाताची रास, पागोटंवाला मालक, बैलांची जोडी. आणि खालच्या कोपऱ्यात एक भोपळ्याचा तारपा फुंकणारा अन् त्याच्याभोवती हातात हात गुंफून नाचणाऱ्या आठ बाया. तो कोपरा दीडशे वर्षांपूर्वीचा नव्हता. तो तिनं लिहिला होता.

लिहिलाच म्हणायचं. तिच्या माणसांत चित्र काढत नाहीत, लिहितात. भिंतीचा पोपडा गेला, की सारवायचं, गेरू द्यायचा आणि गेलेलं पुन्हा लिहायचं. उघडी भिंत तशीच ठेवणाऱ्या घराला बायका नावं ठेवतात. नोकरीच्या पहिल्या वर्षी बाईंनी तिला म्हटलं होतं, "वाळवीनं खाल्लेली पुस्तकं तेवढी नीट कर." राहीनं नीट केली. त्रेसष्टाव्या पानाचा कोपरा वाळवीनं पार फस्त केला होता. पुस्तकाच्या शेवटी कोरं पान होतं, त्यातलाच तुकडा तिनं भाताच्या खळीनं मागून डकवला. बांबूच्या काडीचं टोक चावून मऊ केलं, काजळीत डिंक कालवला आणि रिकाम्या जागी नाच लिहिला. भाताची रास आहे आणि तारपा नाही, असं खळं तिनं जन्मात पाहिलं नव्हतं. बाईंनी पान उजेडात धरून पाहिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "छान झालंय गं."

आता त्याच बाई प्रस्तावना मोठ्यानं वाचत होत्या. "पृष्ठ त्रेसष्टवरील तारपानृत्य हे छापील पुस्तकातील सर्वांत जुने तारपाचित्र ठरावे. अनामिक चित्रकाराने या डोंगरांत येऊन ते समक्ष पाहिले असले पाहिजे."

"बाई, ते मी लिहिलंय."

"काय?"

"वाळवीचं पान. तुम्ही पाहिलं होतं."

बाईंना आठवलं. फोटो काढायला माणसं आली तेव्हा त्यांच्या ध्यानातही नव्हतं, आणि फोटोत डकवलेलं कळत नाही. संपादकांनी तर मूळ पान कधी हातात धरलंच नव्हतं. बाई उठल्या, दार लोटलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "राही, हे पुन्हा तोंडातून काढायचं नाही. मी मार्चमध्ये रिटायर होतेय. तुला कायम करायचा कागद कमिटीपुढे आहे. दोघींच्या पोटावर पाय आणू नकोस."

राही गप्प बसली. नोकरी कोणाला नको असते? पण बातमी काही गप्प बसली नाही. आठ दिवसांत ती पाड्यापाड्यांत गेली. आपला नाच दीडशे वर्षांपूर्वी छापला होता म्हणे! दाभोशाचे लोक प्रकाशनाला जीप ठरवायला लागले. संपादकांनी वर आणखी एक टूम काढली. तारप्याच्या नाचाची माहिती असलेली एखादी वयस्कर बाई पाहुणी हवी. बाईंनी नाव सुचवलं धाकलीचं. धाकली राहीची सासू. चार पाड्यांत लग्नघराच्या भिंतीवर चौक लिहायला तिलाच बोलावणं असायचं आणि राहीला लिहायला तिनंच शिकवलं होतं. सासूला काही सांगायचं धाडस राहीला झालं नाही.

प्रकाशनाला हॉल गच्च भरला. शिरपामाळ बघून आलेले पुण्याचे पाहुणे पुढे बसले, पाड्यांवरची माणसं मागे आणि खिडक्यांत. संपादक गोड बोलले. खोटं ठाऊक असून बोलणारा माणूस नव्हता तो. त्यांचा जीव खरोखर त्या कोपऱ्यात अडकला होता, आणि तेच राहीला बघवेना. त्यांनी कोपऱ्याचा पुरुषभर मोठा केलेला फोटो उघडला आणि धाकलीला विचारलं, "आजी, ओळखता का हे?"

धाकली जवळ गेली. बायांच्या ओळीवरून तिनं बोट फिरवलं आणि शेवटच्या बाईशी थांबली.

"वळखू येल नाय त काय? ही माजे सुनेची लिहिणी. शेवटची बाई मागं पाहते ना? किती येळा सांगला तिला, नाचताना मागं पाहू नये, हात सुटतो. आयकतच नाय."

हॉलमध्ये हशा उसळला. संपादकही हसले आणि माइकवर म्हणाले, "पाहा, ही परंपरेची ताकद! आजींना दीडशे वर्षांपूर्वीची रेघ आपल्या सुनेची वाटते." टाळ्यांचा कडकडाट झाला. धाकली गोंधळून इकडेतिकडे पाहू लागली. आपण काय चुकलो ते तिला कळेना. लिहिण्याच्या बाबतीत आयुष्यात कधी तिला कुणी हसलं नव्हतं.

दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली राही हे बघत होती. टाळ्या थांबेपर्यंत तिला दम निघाला असता तर कदाचित सगळं निभावलं असतं. तिनं ट्रे खाली ठेवला.

"माझी सासू खरं सांगते, सर. ते मीच लिहिलंय. अकरा वर्षं झाली."

टाळ्या अर्ध्यावर विरल्या. संपादकांनी मूळ पुस्तक मागवलं, चष्मा कपाळावर चढवला, पान उलटं करून बोटानं चाचपलं. डकवलेली कड लागली. "पाचशे प्रती," ते स्वतःशीच म्हणाले. मग जवळजवळ रडवेल्या आवाजात, "अहो, काय केलंत हे?"

"भोक होतं, सर. बुजवलं."

"कोणाला विचारून?"

राहीनं बाईंकडे पाहिलं. सगळा हॉल बाईंकडे पाहू लागला. कमिटीचे अध्यक्ष पुढे सरकले. "उज्ज्वलाबाई, तुम्हाला हे माहीत होतं?"

बाईंनी पाण्याचा ग्लास उचलला, न पिताच खाली ठेवला.

"नाही हो," त्या म्हणाल्या. "मला कसं माहीत असणार?"

राहीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. छापलेला कोपरा पाहूनही ती इतकी हादरली नव्हती. पुढे अध्यक्ष मूळ ग्रंथाच्या नासधुशीबद्दल बोलले, सोमवारपासून येऊ नका म्हणाले, ते तिच्या कानांवरून गेलं. तिनं कपाटांच्या किल्ल्या कमरेतून काढून बाईंसमोर टेबलावर ठेवल्या. बाईंनी मान वर केली नाही.

सासू-सुना जीपच्या थांब्याकडे चालू लागल्या. धाकलीनं विचारलं, "ते बाईनी तुजी लिहिणी खरीच पाहिली नव्हती का ग?"

"पाहिली होती, आये," राही म्हणाली. "छान झालंय, म्हणाली होती."